डेडस्टॉकमधली पुस्तकं

आमच्या शाळेत गोष्टीची पुस्तकं होती. हे आधीच सांगून टाकते, कारण 'शाळेत पुस्तकंच नाहीत हो' अशी सुरुवात केली की ऐकणाऱ्याला लगेच पटतं. ऑफिसच्या मागच्या खोलीत, लेझीम आणि डंबेल्सच्या शेजारी, एका हिरव्या लोखंडी कपाटात दोनशेच्या वर पुस्तकं होती. कपाटाला कुलूप, किल्ली मोठ्या बाईंच्या ड्रॉवरमध्ये, आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का आणि डेडस्टॉक रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीचा, नंबर. म्हणजे कागदोपत्री पुस्तक फाटणं आणि स्टूल मोडणं एकच. मग कोण कशाला बाहेर काढतंय?

वर्षातून एकदा निघायची. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला. मुलं ओळीत बसायची, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक, फोटो व्हायचा, पुस्तकं मोजून परत कपाटात. एका वर्षीच्या फोटोत माझ्याच वर्गातल्या एकाने पुस्तक उलटं धरलंय आणि कॅमेऱ्याकडे बघून झकास हसतोय. तो फोटो मी अजून मोबाइलमधून काढलेला नाही.

शाळा पुण्यातली, सिंहगड रस्त्याच्या बाजूची. मुलं बीड, सोलापूर, धाराशिव, कलबुर्गीकडून आलेल्या घरांतली. आई चार घरची कामं करते, वडील साइटवर किंवा भाजीच्या गाडीवर. घरात छापलेलं म्हणाल तर भिंतीवरचं कालनिर्णय आणि दाराखालून सरकवलेली क्लासची पत्रकं. माझ्याकडे तिसरी होती, पटावर ३४. जूनमध्ये एकेकाला जवळ घेऊन वाचायला लावलं तेव्हा नऊ जणांची अक्षरं जुळत नव्हती, चौदा अडखळत वाचत होती, बाकीची बरी. निपुण भारत या सरकारी मोहिमेच्या लक्ष्याप्रमाणे तिसरी संपताना मुलाने समजून, मिनिटाला किमान ६० शब्द वाचायला हवेत. त्यातलं 'समजून' सगळ्यांच्या तोंडी असतं, पण मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं की फक्त साठच उरतात.

मोठ्या बाईंकडे किल्ली मागितली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हरवली तर?" म्हणाल्या. "माझ्या नावावर टाका." म्हटलं, आणि साठ पुस्तकं सही करून वर्गात आणली. मधल्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं धरली. तेव्हा मुलांची पोटं खिचडीने भरलेली असतात आणि गणित कुणाच्याच डोक्यात शिरत नाही.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं ठरवली होती, चार चालली. पाचव्या मिनिटाला दोन पोरं एका पुस्तकावरून भांडत होती, एक दप्तरातून चिंचा काढत होती, आणि उरलेली मोठमोठ्याने वाचत होती. मोठमोठ्याने म्हणजे बाजूच्या वर्गातले सर बघायला आले इतक्या. त्यांचं काय चुकलं? पहिलीपासून वाचन म्हणजे उभं राहायचं, पुस्तक नाकासमोर धरायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं. मनातल्या मनात वाचतात हे त्यांनी कुणाला करताना बघितलेलंच नव्हतं. मी आपलं "ओठ मिटा, ओठ मिटा" करत वर्गभर फिरले. नुकतीच अक्षरं जुळवायला लागलेल्या मुलाला ओठ मिटायला सांगणं म्हणजे बोटांवर मोजणाऱ्याचे हात बांधणं. आठवड्याभराने ते सोडून दिलं. कुजबुजत वाचा, शेजारच्याला त्रास होणार नाही एवढं, असं सांगितलं. मग वर्गात एक गुणगुण चालायची, देवळात पोथी वाचतात तशी. ती मला आवडायला लागली. दिवाळीनंतर कधीतरी लक्षात आलं, अर्ध्या वर्गाची गुणगुण आपोआप थांबली होती.

मिनिटं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला लागलो. चार, पाच, पाच, सात. एकदा नऊवरून तीनवर घसरलो, कारण खिडकीत माकड आलं. जुलैच्या शेवटी पंधराच्या आसपास आलो.

तोवर दुसरी अडचण उभी राहिली. साठ पुस्तकं ३४ मुलांना महिन्यात संपतात. त्यातली निम्मी तर थोरांची चरित्रं, बारीक टायपातली, चित्रं काळपट. तिसरीतलं मूल ती हातात घेतं, जड वस्तू ठेवावी तशी परत ठेवतं. मग एका रविवारी अप्पा बळवंत चौकात गेले. अर्धा दिवस दुकानांत उभ्याने पुस्तकं चाळली. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रांची पुस्तकं घेतली, प्रथम बुक्सची पातळ, सुटसुटीत पुस्तकं घेतली, फुटपाथवरून थोडी जुनी. खिशातले साडेतीन हजार गेले, आणि नवऱ्याला दोन हजार सांगितले. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर प्रथम बुक्सच्या मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात. त्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून स्टेपल केल्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर आहेत. त्यातली कोडी आणि छोट्या कविता वेगळ्या काढून छापल्या. कोडी सगळ्यात आधी फाटली.

पुस्तकं मांडायची कशी, यात मी बराच वेळ घालवला. आधी सगळे करतात तशी दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवली. दिसायला छान, फोटोला तर फारच. पण पंखा लावला की पुस्तकं फडफडायची आणि बुटक्या पोरांचे हात पोचायचे नाहीत. शेवटी मंडईतून भाजीचे चार प्लॅस्टिक क्रेट आणले आणि पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी ठेवली, रेकॉर्डच्या दुकानात असायच्या तशी. नुसत्या कण्याकडे बघून आठ वर्षांचं मूल पुस्तक उचलत नाही. चित्र दिसलं की उचलतं.

मग मी एक मोठी चूक केली.

मुलं वाचताहेत की नुसती पानं उलटताहेत, हे कळायला हवं म्हणून सगळ्यांना एक वही दिली. पुस्तकाचं नाव, लेखक, गोष्ट थोडक्यात, काय आवडलं. चार रकाने आखून दिले. पंधरा दिवसांत वह्या भरून आल्या. मी खूश. घरी नेऊन तपासायला बसले तर तीन-चार वह्यांनंतर भाषा ओळखीची वाटायला लागली. इतकी सफाईदार वाक्यं माझ्या वर्गातलं कोण लिहितंय? पोरांनी मागच्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला होता. एकाने तर शेवटी किंमतही लिहिली होती, 'रुपये पंचेचाळीस'. 'काय आवडलं' या रकान्यात एकोणीस जणांनी 'मला ही गोष्ट खूप आवडली' असं लिहिलं होतं. त्यातल्या दोघांच्या गोष्टीचं नावच चुकलं होतं.

जरा रागावले, मग माझंच हसू आलं. वाचनाच्या वीस मिनिटांनंतर लिहायचंय हे माहीत असल्यावर तीही तेच करणार. मीही प्रशिक्षणाचे अहवाल असेच लिहिते. वह्या बंद केल्या. मुलांनी उरलेल्या पानांची विमानं केली, मी बघितलं नाही.

वाचनाच्या वेळी शिक्षकाने स्वतः पुस्तक घेऊन वाचत बसावं, मुलं बघून शिकतात, असा सल्ला सगळे देतात. मीही आठ दिवस कादंबरी घेऊन खुर्चीवर बसले. माझं वाचन झालं, त्यांचं काय झालं देव जाणे. पुढे एका प्रशिक्षणात कळलं की अमेरिकेत २००० साली नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञांच्या समितीने यावरचे अभ्यास तपासले होते. मुलांना नुसतं मूकवाचनाला बसवलं म्हणजे वाचन सुधारतं, असं म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. ते ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. पुस्तक आणि मूल एका खोलीत ठेवलं की आपोआप काही होत नाही, हे मी त्या आठ दिवसांत बघितलं होतं.

म्हणून बालवाडीतलं एक बुटकं स्टूल आणलं. रोज तीन मुलांच्या शेजारी जाऊन बसायचं, प्रत्येकाजवळ पाच-सहा मिनिटं. एक फेरी पूर्ण व्हायला बारा दिवस लागायचे. माझ्या वहीत प्रत्येकाचं एक पान. स्टूल बुटकंच हवं, कारण उभी राहिले की मुलाला परीक्षा वाटते. आणि मुलाला माझ्या टेबलाशी बोलवायचं नाही, मी जायचं.

सुरुवातीला मला गप्प बसता यायचं नाही. मूल अडलं की शब्द माझ्याच तोंडून बाहेर. त्या नऊ जणांतला एक मुलगा पतंगाची गोष्ट वाचत होता. बोट ठेवून, एकेक शब्द. 'पतंग वायावर डुलत होता.' तिथे 'वाऱ्यावर' होतं. माझ्या जिभेवर शब्द आला होता, पण त्या दिवशी घसा बसला होता म्हणून म्हणा, मी काही बोलले नाही. तो पुढे गेला. दोन ओळींनंतर परत आलं, 'वायाने त्याला उंच नेलं.' तो थांबला. चित्राकडे बघितलं. बोट वरच्या ओळीवर परत गेलं, त्या आडव्या छोट्या रेघेवर आलं आणि तिथेच राहिलं. माझ्या घड्याळात चाळीस सेकंद झाले असतील, मला अर्धा तास वाटला.

"बाई, ही रेघ र आहे?"

"तुला काय वाटतं?"

"वाऱ्यावर. पतंग वाऱ्यावरच असतो ना."

त्याच्या आयुष्यात हा अर्धा र मी निदान तीनदा फळ्यावर शिकवला होता. रफार वेगळा, हा वेगळा, हा फक्त य आणि ह यांच्या आधी येतो, सगळं सांगून झालं होतं. त्या दिवसापासून तो क्रेटमधली पुस्तकं त्या रेघेसाठी धुंडाळायला लागला. पायऱ्या सापडल्या, दऱ्या सापडल्या, सुऱ्या सापडल्या. गोष्ट कुठली याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. मी म्हटलं, शोध बाबा.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या नोंदीखाली मी स्वतःसाठी लिहिलं, 'वीसपर्यंत मोजायचं, मग तोंड उघडायचं.' पुढे वर्षभर मोजत राहिले.

दुसरी गोष्ट त्या मुलीची, जिला सगळा वर्ग अक्का म्हणायचा. कलबुर्गीकडची, घरी कन्नड. पहिलीतल्या भावाला हाताला धरून आणायची, नेतानाही तशीच. तिचं वाचन भराभर, मिनिटाला सत्तरच्या वर. निपुणच्या यादीत ती माझी हुशार मुलगी. 'चाक'मधला च ती 'चार'सारखा म्हणायची, पण बाकी एक अक्षर चुकायची नाही. हत्तीच्या पिल्लाची गोष्ट तिने माझ्यासमोर घडाघडा वाचून दाखवली. मी विचारलं, "मग पिल्लाला काय जमत नव्हतं गं?" ती पुस्तकाकडे बघत राहिली. परत विचारलं. परत तेच.

आपल्या लिपीची ही गंमत आहे. अक्षरं आणि बाराखडी पक्की झाली की मूल काहीही वाचू शकतं. 'औदार्य' वाचेल, 'निष्कर्ष' वाचेल, एक शब्द कळला नसला तरी थांबणार नाही. मुलांना पुस्तक निवडायला शिकवताना पाच बोटांची युक्ती सांगतात. एक पान वाचायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट, पाच बोटं झाली की पुस्तक अवघड. इंग्रजीत ती चालत असेल. माझ्या वर्गात अक्काची बोटं कधी उघडलीच नाहीत. तिला अडतच नव्हतं, आणि कळतही नव्हतं.

त्या दिवशी मी तिच्या भावाला पहिलीच्या वर्गातून बोलावून घेतलं. म्हटलं, याला गोष्ट सांग, तुमच्या भाषेत. तिने चित्रांवर बोट ठेवून सुरुवात केली. मला 'आने' एवढं कळलं, म्हणजे हत्ती. चौथ्या पानावर ती अडली. मराठी ओळ परत वाचली, 'पिल्लाला सोंडेने पाणी पिता येईना.' पुन्हा वाचली. मग एकदम भावाकडे वळून म्हणाली, "सोंडिलु!" आणि दोघंही हसायला लागली. कन्नडमध्ये सोंडेला सोंडिलु म्हणतात, हे त्या दिवशी मीही शिकले. थोड्या वेळापूर्वी तोच शब्द तिने माझ्यासमोर बिनचूक वाचला होता.

त्यानंतर वर्गात नियम केला. पुस्तक निवडायचं, एक पान वाचायचं, मिटायचं, आणि शेजारच्याला सांगायचं, कुठल्याही भाषेत. सांगता आलं तर ते पुस्तक तुझं. नाही आलं तर क्रेटमध्ये परत, आणि त्यात लाज नाही. अर्धं वाचलेलं पुस्तक सोडून द्यायचीही परवानगी दिली. बाजूच्या वर्गातल्या सरांना हे पटलं नाही. "धरसोड वृत्ती येईल हो," म्हणाले. असेल. मी स्वतः किती पुस्तकं अर्धवट सोडलीत, ते त्यांना सांगितलं नाही. नियमाला अपवादही केले. एक मुलगा ग्रहताऱ्यांचं जाडं पुस्तक घेऊन बसायचा, त्यातलं पानभरसुद्धा त्याला सांगता यायचं नाही, पण शनीच्या कड्यांचं चित्र तो रोज बघायचा. ते पुस्तक काढून घ्यायला माझा हात झाला नाही.

रोज शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं मी एक पुस्तक मोठ्याने वाचायचे, आणि नेमकं रंगात आलं की घंटा. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाच्या क्रेटपाशी झुंबड. गोष्ट ओळखीची झालेली असली की अडखळणारं मूलही अवघड पान रेटतं. एवढ्या साध्या गोष्टीचा इतका उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

बुलेटवर मात्र यातलं काहीच चाललं नाही. बुलेट हे त्याला पोरांनी दिलेलं नाव, वडील गॅरेजमध्ये कामाला. पुस्तक दिलं की तो पानं मोजायचा, शेवटच्या पानावरचा आकडा मला सांगायचा आणि खिडकीतून रस्त्याकडे बघायचा. गाड्यांच्या पाट्या मात्र तो भराभर वाचायचा. एमएच १२ पुण्याची, एमएच १४ पिंपरी-चिंचवडची, हे त्यानेच वर्गाला शिकवलं. एका दुपारी कागद घेऊन त्याच्याजवळ बसले. म्हटलं, गॅरेजमध्ये काय काय करतात ते सांग, मी लिहिते. तो सांगत गेला. 'पप्पा प्लग खोलतात. प्लग काळा असला तर पॉलिश पेपरने घासतात. मी पाना देतो. चुकीचा दिला तर पप्पा ओरडतात.' सात वाक्यं झाली. प्रत्येक वाक्य एका पानावर, चित्रं त्याचीच, कव्हरवर नाव 'गॅरेज'. पुस्तक क्रेटमध्ये ठेवलं.

ते त्याने वीसेक वेळा तरी वाचलं. वाचलं की पाठ म्हटलं, अशी मला शंका होती. म्हणून सातही वाक्यं पट्ट्यांवर लिहून उलटसुलट त्याच्यापुढे टाकली. त्याने लावली. दोन ठिकाणी चुकला, मग 'पाना' आणि 'पप्पा' शेजारी धरून बघितलं आणि बदलली. महिनाभरात वर्गात अशी हाताने केलेली अकरा पुस्तकं झाली. पाणीपुरीच्या गाडीचं एक, बाळाच्या बारशाचं एक, पालीचं एक. पालीचं सगळ्यात लोकप्रिय. छापील पुस्तक बुलेटने त्या वर्षी शेवटपर्यंत आपणहून उचललं नाही. त्याच्या पानावर मी तसंच लिहून ठेवलंय.

जानेवारीत शुक्रवारी पुस्तकं घरी द्यायला सुरुवात केली. मोठ्या बाईंनी आधी नाही म्हटलं, मग "बघा, तुमच्या नावावर आहेत." एक आई भेटायला आली. मला वाटलं पुस्तक हरवलं असेल. ती म्हणाली, "बाई, घरी नुसत्या गोष्टी वाचतंय. पाढे कधी करणार?" तिचं चूक नव्हतं. पाढ्यांचा कागदही पुस्तकात घालून द्यायला लागले.

एप्रिलच्या शेवटी नऊपैकी सहा जण छोटं पुस्तक आपलं आपण वाचत होते. एकाचं स्थलांतर झालं. दोघांची अक्षरं अजून जुळत नव्हती, आणि त्यांना वीस मिनिटांच्या पुस्तकापेक्षा रोज वेगळं शिकवायला हवं होतं. ते मी पुरेसं केलं नाही. वाचनाच्या तासात सगळ्यांचं सगळं सुटेल, असं मीच धरून चालले होते.

मग पुस्तकं परत करायचा दिवस आला. ऑफिसमध्ये टेबलावर ढीग, मोठ्या बाई रजिस्टर घेऊन, मी नंबर वाचते आणि त्या टिक करतात. साठातली एकेचाळीस धड होती. चौदांची पानं निघाली होती, चिकटपट्टीवर चिकटपट्टी. पाच सापडलीच नाहीत. हत्तीच्या पिल्लाच्या पुस्तकाचं मधलं पान कुणाच्या तरी हळदीच्या बोटाने पिवळं झालं होतं.

मोठ्या बाईंनी निर्लेखनाचा, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून कमी करायचा, तक्ता काढला. वस्तूचं नाव, नंबर, किंमत, निर्लेखनाचं कारण. शेवटच्या रकान्यात वाळवी, गळती, जीर्ण, अशी आधीची कारणं खाली खाली लिहिलेली.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"वाचून फाटलं."

"असं कारण चालत नाही हो." पेन तसंच धरून त्या थोडा वेळ ढिगाकडे बघत राहिल्या. मग चौदाही ओळींपुढे 'जीर्ण' लिहिलं, हरवलेल्या पाचांचे पैसे माझ्याकडून घेतले, पावती फाडली, आणि कपाटाची किल्ली ड्रॉवरमध्ये टाकायच्या ऐवजी माझ्यापुढे सरकवली. "जूनमध्ये कशाला परत मागायला येताय," म्हणाल्या.